सोयीचे लग्न : कोणाच्या सोयीचे?

मृत्युपत्र उघडले जाते आणि कथेला आरंभ होतो. वायोमिंग अथवा मोंटाना राज्यातील हजारो एकरांची रँच आजोबांनी नातीच्या नावे केलेली असते. मात्र अट अशी की, वर्षाच्या आत तिने विवाह करावा आणि पतीसह बारा महिने त्याच घरात राहावे, अन्यथा सारी मिळकत दुष्ट चुलतभावाकडे जावी. शेजारच्या रँचवरील तरुण कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला असतो. त्याच्या गुरांना पाणी हवे असते आणि ओढा नेमका नातीच्या हद्दीतून वाहत असतो. दोघेही समंजस असतात. न्यायाधीशासमोर सह्या होतात, झोपण्याच्या खोल्या वेगळ्या राहतील असे ठरते, आणि तिसाव्या पानापर्यंत सोयीचे लग्न पार पडते. दोनशेव्या पानापर्यंत करार प्रेमात विरघळतो, बँकेची नोटीस कोठे गेली हे विचारण्याचे भान कोणाला उरत नाही, आणि उपसंहारात पाळणा हलतो.

हा सांगाडा कोणा एका कादंबरीचा नव्हे, एका संपूर्ण प्रकाराचा आहे. 'समकालीन वेस्टर्न' या नावाने तो ओळखला जातो. वेस्टर्न म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडील गुरांच्या मुलखातील कथा. समकालीन म्हणजे घोड्याच्या जोडीला पिकअप ट्रक आणि मोबाइल. मृत्युपत्राच्या जागी कधी अनाथ पुतण्याचे पालकत्व येते, कधी आजारी आईचा आरोग्यविमा, कधी लिलावास निघालेली जमीन. परंतु नायक-नायिकेला विवाहनोंदणी कचेरीपर्यंत नेणारी शक्ती प्रत्येक वेळी एकच असते, आणि तिचे नाव प्रेम नव्हे. तिचे नाव मिळकत.

अशा पुस्तकांविषयी डाव्या वर्तुळांत दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक, ही अफू आहे, तिच्याकडे ढुंकूनही पाहू नये. दुसरे, बिचाऱ्या बायका दिवसभर राबून घटकाभर करमणूक करून घेतात, त्यात एवढे काय? पहिल्या मतात तुच्छता आहे आणि दुसऱ्यात दया. दोहोंतही वाचणाऱ्या स्त्रीच्या बुद्धीविषयी आदर मात्र नाही. वास्तविक या कादंबऱ्यांची पहिली तीस पाने अमेरिकेतील मालमत्ताव्यवस्थेविषयी जितके खरे बोलतात तितके तेथील कित्येक अर्थशास्त्रज्ञ बोलत नाहीत. उरलेली दीडशे-पावणेदोनशे पाने ते खरे पुसून टाकण्यासाठी लिहिलेली असतात. टीका व्हावयाची तर या पुसण्याच्या क्रियेवर झाली पाहिजे.

'सोय जाणे तो सोयरा' असे मराठीत म्हणतात. फ्रेडरिक एंगल्सने १८८४ मध्ये कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांच्या उगमाविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात हीच गोष्ट शास्त्रीय रीतीने मांडलेली आहे. मालमत्ताधारी वर्गात वधूवरांची वर्गीय स्थितीच विवाह ठरविते आणि त्या अर्थाने तेथील प्रत्येक विवाह सोयीचाच असतो, असे त्याचे प्रतिपादन होते. वेस्टर्न कादंबरी हे प्रतिपादन निमूटपणे मान्य करून आरंभ करते, हे तिचे वैशिष्ट्य. मग तिला आपल्या कबुलीची लाज का वाटावी?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी ज्या मुलखात ही कथा घडते तेथील विवाहाचा आणि जमिनीचा खरा इतिहास पाहावा. १८५० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने ऑरेगॉन प्रदेशातील जमिनीसंबंधी कायदा केला. त्या वर्षाच्या १ डिसेंबरपूर्वी येऊन स्थायिक झालेल्या अविवाहित गोऱ्या पुरुषास ३२० एकर, आणि विवाहित असल्यास जोडप्यास ६४० एकर, ज्यातील अर्धी जमीन पत्नीच्या स्वतःच्या नावे, अशी ती तरतूद होती. पत्नीच्या नावे जमीन, हे शब्द त्या काळी क्रांतिकारकच वाटावेत. प्रत्यक्षात काय झाले? बायको म्हणजे ३२० एकर, हा हिशेब प्रत्येक वसाहतवाल्यास तोंडपाठ झाला. बारा-चौदा वर्षांच्या मुलींची लग्ने घाईघाईने लागली. नवऱ्यामुलीचे वय न पाहता मुदतीची तारीख पाहिली जाऊ लागली. आणि ही जमीन कोणाची होती? ज्या आदिवासी जमातींची ती होती त्यांच्याशी एकही करार मंजूर होण्याआधी सरकारने ती वाटावयास काढली होती. कादंबरीतील 'पिढीजात रँच' या शब्दातील पिढ्या किती आणि त्यांच्या आधी तेथे कोण होते, हा प्रश्न नायिकेला कधी पडत नाही.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने हिशेब उलटा केला. कुटुंबप्रमुखास अथवा एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस १६० एकर सरकारी जमीन, पाच वर्षे राहून कसल्यास कायमची. अविवाहित, विधवा, परित्यक्ता स्त्रीस स्वतःच्या नावे अर्ज करता येई. नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या विवाहितेस येत नसे; कारण कायद्याच्या दृष्टीने कुटुंबप्रमुख नवरा. म्हणजे बारा वर्षांपूर्वी जमिनीसाठी लग्न करणे सोयीचे होते, आता जमिनीसाठी लग्न न करणे, अथवा केलेले लपविणे, सोयीचे झाले.

एला वॉटसन या बाईची कहाणी येथे सविस्तर सांगितली पाहिजे; कारण समकालीन वेस्टर्नमधील सोयीच्या लग्नाची सारी सामग्री तिच्यात आहे, आणि शेवट मात्र तो नाही. कॅनडात जन्मलेली, कॅन्ससमध्ये वाढलेली ही स्त्री पहिल्या नवऱ्याच्या जाचातून सुटून वायोमिंगमध्ये आली. तिने घरकाम केले, स्वयंपाकीण म्हणून राबली. स्वीटवॉटर नदीच्या खोऱ्यात जेम्स अ‍ॅव्हरेल याचे लहानसे दुकान आणि खाणावळ होती. ती तेथे कामास लागली. १८८६ मध्ये लँडर गावी दोघांनी विवाहाचा परवाना काढल्याची नोंद आहे. पण जगापुढे ती दोघे पतिपत्नी म्हणून वावरली नाहीत. तिला आपल्या स्वतःच्या नावे होमस्टेड मिळावी म्हणून हे लग्न लपविले गेले असावे, असे संशोधक मानतात. १८८८ मध्ये तिने रीतसर अर्ज केला, झोपडी बांधली, कुंपण घातले, काही गुरे विकत घेतली, पुढे स्वतःचा डागही नोंदवून घेतला.

तिचे कुरण आणि पाणी ज्यात होते तो पट्टा अल्बर्ट बॉथवेल नावाचा गुरांचा धनदांडगा मालक आजवर आपलाच समजून वापरीत होता. अ‍ॅव्हरेलने अशा मालकांच्या जमीनहडपीविरुद्ध कॅस्परच्या वृत्तपत्रात पत्र लिहिण्याचे धाडस केले होते. २० जुलै १८८९ रोजी बॉथवेल आणि त्याचे पाच साथीदार आले, दोघांना गाडीत घालून घेऊन गेले आणि झाडाला फाशी दिले. शायेनच्या वृत्तपत्रांनी लगोलग तिला वेश्या आणि गुरेचोर ठरविले, 'कॅटल केट' असे नाव तिच्या माथी मारले. साक्षीदार नाहीसे झाले, कोणावरही आरोप शाबीत झाला नाही, आणि दोघांची जमीन पुढे बॉथवेलच्याच ताब्यात गेली. ज्या वायोमिंगने १८६९ मध्ये जगात सर्वांआधी स्त्रियांना मताधिकार दिला म्हणून कौतुक होते, त्याच वायोमिंगमधील ही घटना. बदनामीचे आयुष्य तर किती लांब! १९८० मध्ये मायकेल चिमिनोने 'हेवन्स गेट' हा चित्रपट काढला. त्यात मालकांविरुद्ध लहान वसाहतवाल्यांची बाजू घेतलेली असूनही एला वॉटसन या नावाची नायिका कुंटणखाना चालविणारीच दाखविली आहे.

पाणी तेच, कुरण तेच, नवराबायकोतील कागदी व्यवहारही तोच. फरक एवढाच की, कादंबरीत शेजारच्या मोठ्या मालकाशी नायिकेचे लग्न लागते, आणि इतिहासात त्याने तिला फासावर दिले. शेजाऱ्याशी असलेला वर्गविरोध शय्यागृहात मिटविता येतो, ही या कादंबरीप्रकाराची मूळ श्रद्धा आहे.

आता वर्तमानाकडे यावे. एखादा सुशिक्षित वाचक म्हणेल की, मृत्युपत्रातील विवाहाची अट ही लेखिकेची क्लृप्ती आहे, एकविसाव्या शतकात मिळकतीसाठी लग्न कोण करतो? त्याने ध्यानात घ्यावे की, १९७४ मध्ये समान पतहक्काचा कायदा होईपर्यंत अमेरिकेतील बँका विवाहितेकडे नवऱ्याची सही मागत आणि अविवाहितेस सरळ वाटेला लावीत. आणि धंद्यासाठी कर्ज घेणाऱ्या स्त्रीकडे पुरुष नातेवाइकाची सही मागणारे काही राज्यांतील कायदे जावयास १९८८ साल उजाडावे लागले. त्यानंतरही शेतकरी आणि पशुपालक स्त्रियांना सरकारच्या कृषी खात्याकडून कर्ज नाकारले जाते, अथवा पेरणीचा हंगाम उलटून जाईपर्यंत रखडविले जाते, अशी तक्रार घेऊन २००० साली काही स्त्रिया न्यायालयात गेल्या. वादींपैकी पहिलीचे आडनाव 'लव्ह' होते, आणि त्यामुळे तो खटला 'लव्ह विरुद्ध कृषिमंत्री' अशाच नावाने वर्षानुवर्षे चालला. प्रणयकादंबरीच्या लेखिकेलाही असे शीर्षक सुचले नसते. या सर्व स्त्रियांचा एकत्रित दावा म्हणून विचार करण्यास न्यायालयांनी नकार दिला. प्रत्येकीने आपापले गाऱ्हाणे वेगळे मांडावे, असा त्याचा अर्थ.

कादंबरी नेमके हेच सांगत असते. प्रत्येकीने आपापला नवरा वेगळा शोधावा.

आरोग्यविम्याचे प्रकरण याहून उघड आहे. अमेरिकेत सर्व नागरिकांना व्यापणारा सरकारी विमा नाही. कामावर असलेल्या माणसाचा विमा मालक काढतो आणि त्याच्या पत्नीला व मुलांना त्याचा आधार मिळतो. तेव्हा आजारी मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी नायिका नोकरीवाल्या पुरुषाशी लग्न करते, या कथानकात अतिशयोक्ती नाही. गरिबांसाठी असलेल्या सरकारी विम्याचा विस्तार २०१० च्या कायद्याने देऊ केला. टेक्सास आणि वायोमिंग या, काउबॉय कादंबऱ्यांच्या दोन लाडक्या राज्यांनी २०२५ अखेरपर्यंत तो स्वीकारलेला नव्हता. राज्याच्या विधिमंडळाने जे नाकारले ते एका उंच, अबोल पुरुषाने दिले की वाचकाच्या डोळ्यांत पाणी यावे, अशी योजना असते. आणि पाणी येतेही. कारण भीती खरी असते.

मग काउबॉयचे काय? काउबॉय म्हणजे गुराखी. शब्दाचा नेमका मराठी अर्थ सांगितला की निम्मी मोहिनी तेथेच उतरते. गुराखी हा मजूर. १८८३ मध्ये टेक्सासच्या उत्तर टोकाकडील मोठ्या रँचेसवर या मजुरांनी महिना ५० डॉलर पगाराच्या मागणीसाठी संप केला होता. मोठमोठ्या कंपन्यांनी रँचेस विकत घेतल्या होत्या आणि गुराख्यांनी स्वतःची चार गुरे बाळगण्याची जुनी मुभा काढून घेतली होती. दोन-अडीच महिन्यांत संप मोडला. बेकार गुराखी मुबलक होते. त्या संपावर एकही प्रणयकादंबरी खपत नाही. कारण कादंबरीतील काउबॉय मजूर नसतोच. हाताला घट्टे असलेला तो मालक असतो. मालकाच्या अंगावर मजुराचे कपडे चढवून त्याला प्रेमास पात्र करावयाचे, हे या प्रकाराचे सर्वांत यशस्वी वेषांतर होय.

खलनायकाची निवडही अशीच सोयीस्कर असते. गावातील बँकेचा व्यवस्थापक, लोभी चुलतभाऊ, शहरातून आलेला एखादा बिल्डर. १९३५ मध्ये अमेरिकेत ६८ लाखांच्या आसपास शेते होती. २०२२ च्या कृषिगणनेत ती १९ लाखांवर आली. १९७९ नंतर मध्यवर्ती बँकेने व्याजदर कडाडून वाढविले, जमिनीच्या किमती कोसळल्या, आणि पुढच्या काही वर्षांत हजारो शेतकरी कुटुंबांच्या घरांवर लिलावाच्या पाट्या लागल्या. आज गोमांसाच्या कापणीचा चार-पंचमांशाहून अधिक धंदा टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ या चार कंपन्यांच्या हाती आहे. जनावराची किंमत पशुपालक नव्हे, त्या ठरवितात. या चौघांपैकी एकही पात्र कादंबरीत डोकावत नाही. त्यांच्याशी लग्न लावता येत नाही, हेही कारण असेल.

आणि हे सारे छापतो कोण? १९४९ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे स्थापन झालेल्या हार्लेक्विन कंपनीने १९७१ मध्ये लंडनची मिल्स अँड बून विकत घेतली. १९८४ मध्ये सिल्हूट ही अमेरिकन प्रतिस्पर्धी कंपनीही तिने गिळली. प्रेमाच्या व्यापारातील ही मक्तेदारी २०१४ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पने ४५ कोटी ५० लाख कॅनेडियन डॉलर देऊन आपल्या हार्परकॉलिन्समध्ये सामावून घेतली. ज्या मर्डॉक घराण्याच्या वृत्तवाहिनीने सरकारी आरोग्यविम्याविरुद्ध वर्षानुवर्षे आरडाओरड केली, त्याच घराण्याच्या छापखान्यातून विम्यासाठी लग्न करणारी नायिका बाहेर पडते. घराण्याला दोन्हीकडून नफा. १९८३ पासून चाललेल्या एका अमेरिकन मालिकेचे नाव २०१६ मध्ये 'वेस्टर्न रोमान्स' असे बदलण्यात आले आणि २०१८ मध्ये एखादे खाते बंद करावे तशी ती बंदही करण्यात आली. लेखिका दुसऱ्या मालिकांकडे अथवा स्वतःच्या खर्चाने प्रकाशनाकडे वळल्या. त्या लेखिकाही अखेर उक्त्या कामावरच्या मजूरच.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यास या परदेशी पुस्तकांशी काय कर्तव्य, असा प्रश्न येईल. मिल्स अँड बूनची पुस्तके मुंबई-पुण्याच्या फिरत्या वाचनालयांतून कित्येक पिढ्यांच्या मुलींनी वाचली आहेत आणि आता ती मोबाइलवर वाचली जातात, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर बीड जिल्ह्यात आहे. ऊसतोडीचा मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवराबायको मिळून एक 'कोयता', एकटा माणूस म्हणजे अर्धा. हंगामाच्या तोंडावर अल्पवयीन मुलींची लग्ने लागतात ती याच हिशेबाने. ऑरेगॉनमध्ये बायको म्हणजे ३२० एकर होती, येथे ती अर्धा कोयता आहे. फरक असा की, या लग्नाला कादंबरीत जागा नाही. मुकादमाच्या सोयीच्या लग्नात नायकनायिकेची सोय कोठेच नसते.

जॅनिस रॅडवे या अमेरिकन विदुषीने एका शहरातील प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांशी बोलून १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरातल्या सर्वांची कामे उरकून पुस्तक घेऊन बसणे हा आपला स्वतःचा वेळ आहे, तेवढ्यापुरते कोणी हाक मारू नये, असे त्या स्त्रियांनी सांगितले होते. त्या वाचनात घरातील व्यवस्थेविरुद्धचा एक अस्फुट निषेध आहे, पण तो व्यवस्थेला धक्का लावीत नाही, असा रॅडवे यांचा निष्कर्ष होता. त्यातील पहिला भाग डाव्यांनी गंभीरपणे घेतलेला नाही. लोकलच्या बायकांच्या डब्यात मोबाइलवर अशी कादंबरी वाचणारी परिचारिका आपल्या रुग्णालयात बिलाअभावी अडकून पडलेले रुग्ण रोज पाहते. विम्यासाठी लग्न करणाऱ्या नायिकेचे दुःख तिला कोणी समजावून सांगावे लागत नाही. पक्षाच्या अभ्यासवर्गात तिला हे पुस्तक खाली ठेव म्हणणाऱ्या कार्यकर्त्यापेक्षा तिसाव्या पानावर थांबवून, आता हे कर्ज कोणी फेडावे असे विचारणाऱ्या कार्यकर्त्याशी ती अधिक वेळ बोलेल.

प्रेमाला येथे कोणाचा आक्षेप नाही. दोन माणसे करारापोटी एका छपराखाली आली आणि त्यांना एकमेकांविषयी जिव्हाळा वाटू लागला, असे घडते. ठरवून केलेल्या लग्नांच्या या देशात तर ते कोट्यवधी घरांत घडले आहे. आक्षेप आहे तो प्रेमाकडून करवून घेतलेल्या कामाला. कादंबरीत प्रेम कर्ज फेडते, विमा काढते, हद्दीचा तंटा मिटविते, मृत्युपत्राची जाचक अट आजोबांच्या दूरदृष्टीत रूपांतरित करते. नात शेवटी आजोबांच्या तसबिरीसमोर उभी राहून त्यांचे आभार मानते. ज्याने तिच्या देहावर आणि वर्षावर अट घातली तो मालक मृत्यूनंतरही बरोबरच ठरतो.

उपसंहारात पाळणा असतो हे वर सांगितलेच. त्या वेळी रँचवरची कामे कोण करीत असते, याचा उल्लेख नसतो. वायोमिंग-कोलोरॅडोच्या माळांवर पेरू देशातून हंगामी परवान्यावर आणलेले मेंढपाळ चाकांच्या झोपड्यांत महिनोन् महिने एकटे राहतात, दिवसरात्र कामावर असतात. २०१५ पर्यंत कित्येक राज्यांत त्यांना महिन्याला सुमारे ७५० डॉलर मिळत. त्यांचा परवाना मालकाशी बांधलेला असतो आणि बायका-मुले पेरूत राहतात.